बॅकअप आहे हो, पण रिस्टोअर कधी केलाय का?

"संगणकीय माहितीचा बॅकअप नियमित घेतला जातो असे सांगण्यात आले, तथापि सदर बॅकअप रिस्टोअर करून पाहिल्याचे आढळून आले नाही." २६ मे २०२५, सोमवार. ऑडिटर साहेबांच्या मसुद्यातलं हे वाक्य (रिस्टोअर म्हणजे बॅकअपमधून माहिती परत उभी करणं) मॅनेजर साहेबांनी मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, मॅडम हे तुमच्याकडं. मी म्हटलं बरं. त्या "बरं"ची किंमत मला तेव्हा माहीत नव्हती.

आधी सांगते, मी इंजिनिअर वगैरे नाही. बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी. सांगलीत गावभागातल्या एका पतसंस्थेत सीनियर क्लार्क आहे, आणि प्रिंटरचा कागद अडकला की पहिली हाक मला येते म्हणून हळूहळू "कॉम्प्युटरवाल्या मॅडम" झाले. तुमच्या संस्थेत, दुकानात, शाळेत अशी एखादी व्यक्ती असतेच, आणि ती तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत काही सापडलं नाही आणि इंग्रजीत जे सापडलं ते ज्यांना सगळं आधीच येतं त्यांच्यासाठी लिहिलेलं होतं.

आमचा सर्व्हर क्लाऊडवर का गेला ते सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट, कृष्णेचा महापूर. त्याआधी सर्व्हर ऑफिसातच, लाकडी माळ्यावर होता. माळा २००५ च्या पाण्याची भिंतीवरची खूण बघून तिच्या दीड फूट वर केलेला, म्हणजे आम्ही आमच्या मते हुशारी केली होती. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ आहे) आणि आमची हुशारी पाण्याखाली गेली. बॅकअपची एक हार्डडिस्क ऑफिसच्या कपाटात, ती गेली. दुसरी मुद्दाम लांब ठेवायची म्हणून मॅनेजर साहेबांच्या घरी, आणि साहेबांचं घर कर्नाळ रोडला. ती पण गेली. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांकडं कामासाठी नेलेली एक जुनी कॉपी निघाली, त्यापुढचं सगळं पिग्मी (रोजच्या बचतीच्या) एजंटांच्या पावत्या आणि छापील रोजकीर्दीवरून आम्ही चौघींनी परत टाईप केलं. बावीस दिवस लागले. ऑफिसला चिखलाचा वास आणि बाहेर सभासद पासबुक घेऊन उभे.

त्यानंतर ठरलं की आता मशीन इथं नकोच. २०२१ च्या सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्यांनी सगळं एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाऊडच्या, मुंबई रीजनवर (तिथल्या केंद्रावर) नेलं. म्हणजे काय तर ॲमेझॉनच्या मोठ्या कॉम्प्युटरमधला एक तुकडा आपल्याला भाड्यानं, त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि आमचे सगळे काऊंटर इंटरनेटवरून त्याला जोडलेले. त्याच वर्षी जुलैत परत पाणी आलं, ऑफिस बंद ठेवावं लागलं पण विश्रामबाग शाखेतून काम चालू राहिलं. तेव्हापासून संचालक मंडळात सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, क्लाऊडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे. माझ्या पण.

तर ऑडिट. सहकारी संस्थेत ऑडिटचा शेरा आला की नुसतं "हो करतो" म्हणून भागत नाही, सहकार कायद्याच्या कलम ८२ खाली दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, काय दुरुस्त केलं ते मुद्देसूद लिहून, वर मंडळापुढं ठेवून. आणि पैसे खर्च होणार म्हटल्यावर ठराव पाहिजे. ९ जूनच्या मीटिंगला विषय घेतला. बाहेरच्या एका कंपनीचं कोटेशन मागवलं होतं, ४८,००० रुपये अधिक जीएसटी, ते बघून अण्णा (आमचे चेअरमन) चष्मा काढून बसले. मी म्हटलं आपण आपलं करून बघूया, खर्च थोडाच येईल. खरंतर किती येईल ते मला माहीत नव्हतं, अंदाजानं १५,००० सांगितले. "संगणक प्रणालीचा बॅकअप रिस्टोअर करून पाहणेकामी येणारे खर्चास रु. १५,००० चे मर्यादेत मंजुरी देणेत येत आहे." सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

मीटिंगमध्ये एका संचालकांनी विचारलं, "म्हंजे आत्ताचा चालू सर्व्हर बंद करून जुना त्यावर टाकायचा? आणि न्हाई चालू झाला तर?" दोघं हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता, कारण मलाही रात्री तीच भीती वाटायची. याचं उत्तर मला नंतर कळलं ते आधीच सांगून टाकते म्हणजे तुमची झोप वाचेल. क्लाऊडवर रिस्टोअर म्हणजे जुन्यावर नवीन टाकणं नाही. बॅकअपमधून शेजारी एक नवीनच मशीन उभं राहतं, चालू सर्व्हरला हात पण लागत नाही. तपासायचं, जुळवायचं आणि नवीन मशीन मोडून टाकायचं. जेवढे तास चाललं तेवढ्याचे पैसे.

आता पहिली अडचण अशी की आमच्याकडं लॉगिनच नव्हतं. म्हणजे एक होतं, पण त्यातून फक्त बिल दिसायचं. मूळ खातं, ज्याला रूट म्हणतात, ते सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका मुलाच्या ईमेलवर उघडलेलं, आणि तो मुलगा नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी पुण्याला गेलेला. लॉगिनचा दुसरा कोड येतो तो पण त्याच्याच मोबाईलमधल्या ॲपवर. म्हणजे आमच्या हजारो सभासदांच्या ठेवींचा हिशोब ज्या मशीनवर, त्याची किल्ली अशा एका माणसाच्या खिशात ज्याला आम्ही कधी बघितलेलं पण नाही. मी सॉफ्टवेअरवाल्यांना ११ तारखेला फोन केला, "बघतो मॅडम". १३ ला केला, "त्याला मेसेज टाकलाय". १६ ला मी मेल केला आणि त्यात ऑडिटरचं वाक्य जसंच्या तसं चिकटवून मॅनेजर साहेबांना पण कॉपी ठेवली, मग चक्रं हलली. (टीप म्हणाल तर ही, फोन करू नका, मेल करा आणि वरच्याला कॉपी ठेवा.) २० तारखेला संध्याकाळी त्या मुलाचा स्वतःहून फोन आला. फार चांगला निघाला, जत तालुक्यातला होता. "मॅडम मीच चार वेळा सांगितलेलं हे बदलून घ्या म्हणून." फोनवर बसून वीस मिनिटांत खात्याचा ईमेल संस्थेच्या नावाचा झाला, कोड माझ्या मोबाईलवर. वीस मिनिटांच्या कामाला नऊ दिवस. कोडसाठी एकच मोबाईल ठेवू नका, एका खात्याला आठपर्यंत जोडता येतात, आम्ही दुसरा म्हणून छोट्या पेनड्राईव्हसारखी की घेतली आणि ती तिजोरीत पाकिटात ठेवली, पाकिटावर मॅनेजर आणि माझी सही.

२२ जून, रविवार. ऑफिस बंद, मी, शिपाई मामा किल्ली घेऊन, आणि फोनवर माझा मावसभाऊ जो हिंजवडीत नोकरीला आहे. त्याला मी आधीच सांगितलेलं की तू काही करायचं नाहीस, करणार मी, अडलं तरच विचारणार. तो म्हणाला ताई चालेल.

आत गेल्यावर बघितलं तर स्नॅपशॉटच्या पानावर सात ओळी. आठवड्याचे सात. सगळ्यांपुढं हिरवी खूण, "कम्प्लिटेड". स्नॅपशॉट म्हणजे डिस्कचा त्या क्षणाचा फोटो समजा. पहिल्या वेळी डिस्कवर लिहिलेलं सगळं कॉपी होतं, नंतर रोज फक्त बदललेला भाग, म्हणून सातांचे पैसे सातपट लागत नाहीत, आणि जुना डिलीट केला तरी नवीन खराब होत नाही. (साहेबांना हे पटवायला मला दोन दिवस लागले, त्यांचं म्हणणं पहिलाच काढला तर वरचे सगळे पडतील, विटांसारखे.) मी आदल्या रात्रीचा घेतला, त्यावरून इमेज (नवीन मशीन उभं करायचा साचा) बनवली, इमेजवरून नवीन मशीन सुरू केलं. सव्वाअकराला "रनिंग" आलं. मी मामांना म्हटलं चहा सांगा, झालं.

झालं कुठलं. मशीनला जोडायला गेले तर जोडेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. मशीनच्या दोन तपासण्या दिसत होत्या त्यातली एक पास, दुसरी नापास. भाऊ म्हणाला तिथंच एक पर्याय असतो, मशीनच्या स्क्रीनचा फोटो बघायचा, तो बघ. बघितला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात, "यू आर इन इमर्जन्सी मोड". माझ्या हातापायातलं बळच गेलं, मला वाटलं मी काहीतरी मोडलं. भाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, चालू सर्व्हरला डिस्क किती आहेत?"

दोन. एक ३० जीबीची आणि एक २०० जीबीची.

"आणि ते सात स्नॅपशॉट कितीचे आहेत?"

मी वाचलं. तीस. तीस. तीस. खाली खाली सगळे तीस.

काय झालेलं ते नंतर कळलं. २०२३ च्या ऑक्टोबरात जागा संपली म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी दुसरी मोठी डिस्क जोडली आणि डेटाबेस तिच्यावर हलवला. रोजचा स्नॅपशॉट घेणारी पॉलिसी, म्हणजे आपोआप चालणारा नियम, मात्र "ज्या डिस्कवर अमुक टॅग (नावाची चिठ्ठी) आहे तिचा घे" अशी होती आणि नवीन डिस्कला टॅग लावायचा राहिला. पॉलिसी आपलं काम इमानदारीनं करत होती, रोज रात्री जुन्या डिस्कचा फोटो, हिरवी खूण. फोटोत विंडोच्या रंगापासून प्रिंटरच्या सेटिंगपर्यंत सगळं होतं, खातेदारांचे पैसे तेवढे नव्हते. नवीन मशीन सुरू होताना दुसरी डिस्क शोधायला लागलं, सापडली नाही म्हणून इमर्जन्सीत जाऊन बसलं. खरंतर त्याचे उपकार, नाहीतर नुसतं सुरू झालं असतं आणि मी "रिस्टोअर यशस्वी" लिहून मोकळी झाले असते.

सॉफ्टवेअरचा स्वतःचा रात्रीचा बॅकअप असतो ना, म्हणून मी तो शोधला. होता की. रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची पूर्ण फाईल निघत होती आणि ठेवली जात होती त्याच २०० जीबीच्या डिस्कवर. घराची दुसरी किल्ली घरातच खुंटीला.

म्हणजे वीस महिने. वीस महिने आमच्याकडं बॅकअप नव्हता आणि आम्ही प्रत्येक वार्षिक सभेत "माहिती सुरक्षित आहे" असं छापत होतो. काही गेलं नव्हतं, सर्व्हर चालू होता, सोमवारी काऊंटर उघडणार होते, कुणाला काही कळलं पण नसतं. पण मला २०१९ च्या त्या बावीस दिवसांचा वास परत आला. मामा चहा घेऊन आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "म्याडम, कोण गेलं का?"

पहिलं काम भावानं सांगितलं ते केलं, बाकी सगळं सोडून दुसऱ्या डिस्कचा स्नॅपशॉट लगेच. दुपारी बारा चाळीसला सुरू केला. इथं एक माहीत असूद्या, स्नॅपशॉट सुरू होतो त्या क्षणाची स्थिती धरली जाते, कॉपी मागून निवांत चालते, त्यामुळं तो पूर्ण व्हायची वाट बघत काम बंद ठेवायची गरज नसते. पण मी बघत बसले. शून्य टक्के. बराच वेळ शून्यच. मग एकदम २३. मामांनी भडंग आणलेलं, तसंच पडून. एक वाजून पन्नास मिनिटांनी शंभर झालं आणि मी इमर्जन्सीतलं ते मशीन मोडून टाकून घरी गेले.

सोमवारी साहेबांना सांगायचं कसं याची मी रात्रभर उजळणी केली. सांगितलं. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अण्णांना मी सांगतो, तुम्ही फक्त हे नीट करा." त्यांनी माझं नाव कुठं येऊ दिलं नाही, आणि खरंतर चूक माझी पण होती, त्या सात हिरव्या खुणा बिलाच्या लॉगिनमधून नाही दिसत पण मी चार वर्षांत विचारलं पण नव्हतं की दाखवा म्हणून. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर म्हणे टॅगचं तुम्ही सांगितलं नव्हतं. सोडून दिलं, त्यांच्याशी अजून काम पडणार होतं.

नवीन पॉलिसी मी स्वतः केली. आता डिस्कला नाही, अख्ख्या मशीनला टॅग, म्हणजे त्याला जोडलेल्या सगळ्या डिस्कचे फोटो एकाच क्षणाचे निघतात. हे महत्त्वाचं, कारण दोन डिस्क वेगवेगळ्या वेळच्या असल्या तर एकीत जे आहे ते दुसरीत नाही असा घोळ. वेळ टाकली २३:३०, साडेअकरा रात्री, डे एंड (दिवसाचा हिशोब बंद) झाल्यावर. दुसऱ्या दिवशी बघते तर स्नॅपशॉट पहाटे पाचनंतरचा. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते हो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं, म्हणून साडेअकराला हवा तर १८:०० टाकायचं. आणि टाकल्या वेळेलाच सुरू होईल असं नाही, तासाभरात कधीही होतो. हे तासाभराचं मी तेव्हा मनावर घेतलं नाही, पुढं भोवलं.

चौदा दिवसांचे ठेवायचे ठरवले. शिवाय आठवड्याला एक कॉपी हैदराबादला. एडब्ल्यूएसचं मुंबई २०१६ पासून आहे, हैदराबाद नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, दोन्ही भारतातच. हैदराबाद आपल्या खात्यात आधी चालू करून घ्यावं लागतं, आपोआप दिसत नाही, मी अर्धा तास यादीत शोधत बसलेले. अण्णांनी विचारलं मुंबई असताना ते कशाला, मी म्हटलं अण्णा, कर्नाळ रोड. ते एवढ्यावरच समजले.

पैशाचं सांगते. स्नॅपशॉटला मुंबईत एका जीबीला महिन्याला पाच सेंट. आमचे पहिल्या महिन्यात १३० जीबीच्या आसपास, म्हणजे साडेसहा डॉलर, वर १८ टक्के जीएसटी, साडेसहाशे रुपयांच्या घरात. हैदराबादचे वेगळे, आणि तिकडं पाठवायचे पण थोडे.

दुसरा प्रयत्न ६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी होती, तारीख ठरवताना माझ्या लक्षातच आलं नाही. भावानं आदल्या रात्री एक गोष्ट सांगितली जी मला सात जन्मात सुचली नसती. नवीन मशीन म्हणजे चालू सर्व्हरचा जुळा भाऊ. त्याला माहीत नसतं की तो जुळा आहे. तो उठल्या उठल्या आपली कामं करायला लागेल, सभासदांना एसएमएस पाठवेल, व्याज टाकायची वेळ असेल तर टाकेल. आधीच्या वेळी तो उठलाच नाही म्हणून वाचलो. तर त्याचं बाहेर जायचं दार बंद करायचं, सिक्युरिटी ग्रुप (मशीनमध्ये कोण येणार, बाहेर काय जाणार याचे नियम) नवीन बनवायचा आणि त्यातला बाहेर जाणारा एकुलता एक नियम काढून टाकायचा. आत यायला फक्त आपल्या ऑफिसचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता). मला वाटलं बाहेरचं बंद केलं तर मला तरी कसं दिसणार, पण तसं नसतं, आपण आत जाऊन विचारलं तर उत्तर येतं, स्वतःहून मात्र तो कुणाला हाक मारू शकत नाही. सासरी नवीन सुनेला ठेवायचे तसं, माझ्या आईनं सांगितलेलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात. मूळ डिस्कच्या स्नॅपशॉटवरून इमेज बनवताना तिथंच दुसऱ्या डिस्कचा स्नॅपशॉट जोडला, दोन्ही ५ तारखेच्या रात्रीचे. दहा एकवीसला मशीन उठलं. दोन्ही तपासण्या पास. आत शिरले, दोन्ही डिस्क जागेवर. मी मामांना काही सांगितलं नाही या वेळी.

मग डेटाबेस सुरू व्हायला चौदा मिनिटं लागली, एरवी अर्धं मिनिट लागतं. माझा श्वास परत अडकला. याचं कारण असं की स्नॅपशॉटवरून बनवलेली डिस्क लगेच दिसते खरी पण आतला माल सगळा आलेला नसतो, जो भाग पहिल्यांदा वाचाल तो तेव्हा मागून ओढून आणला जातो. एकदा वाचलेला भाग नंतर नेहमीसारखा चालतो. यावर पैसे भरून आधीच सगळा माल भरून ठेवायची सोय आहे पण ती तासावर आहे आणि आमच्यासारख्याला परवडत नाही. तर संथ चाललंय म्हणजे बिघडलंय असं नाही. सर्व्हर अचानक बंद पडल्यावर डेटाबेस स्वतःची आवराआवर करतो तशी पण त्यात होती. मामांनी घरून साबुदाण्याची खिचडी आणलेली, ती खाल्ली, मग सभासदांची संख्या मोजली, चालू सर्व्हरशी जुळली. मी टेबलावर हात आपटला.

बारा चाळीसला सॉफ्टवेअरची स्क्रीन उघडली आणि त्यावर, "लायसन्स इनव्हॅलिड". लायसन्स जुन्या मशीनच्या ओळखीला बांधलेलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या इंजिनिअरला फोन लावला तर स्विच ऑफ. ऑफिसला लावला तर कळलं ते पंढरपूरला आहेत. एकादशीला पंढरपूरला असलेल्या माणसाला काय बोलणार. मशीन बंद करून ठेवलं (बंद मशीनचे पैसे लागत नाहीत पण डिस्कचे लागतात) आणि घरी गेले.

मंगळवारी ८ तारखेला ते परतले, प्रसाद पण आणला, तात्पुरती लायसन्स की दिली. आत गेले आणि ५ जुलैची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) काढली. पहिल्यांदा सत्तावीस मिनिटं, त्याच संथपणामुळं. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी आणि साहेब पट्टी लावून बघायला लागलो. ठेवी जुळल्या. कर्जं जुळली. पिग्मीत ३,४५० रुपयांचा फरक.

ज्यानं बॅंकेत, पतसंस्थेत काम केलंय त्याला माहीत आहे, लाखाचा फरक सापडतो, तीन हजारांचा रात्र खातो. रोजकीर्द काढून एक एक एजंट लावला. हरिपूरचा एजंट निघाला. शनिवारी रात्री जेवून, फेरफटका मारून मग हातातलं पिग्मीचं मशीन अपलोड केलेलं, अकरा बावन्नला. आमचा स्नॅपशॉट झालेला अकरा एक्केचाळीसला. म्हणजे अकरा मिनिटांनी ते पैसे बॅकअपमध्ये आले नव्हते. चूक कुणाचीच नाही, पण त्या रात्री सर्व्हर गेला असता तर ते ३,४५० फक्त त्या एजंटच्या मशीनमध्ये राहिले असते. आता नियम केला, अपलोड रात्री अकराच्या आत, नंतर बंद. एजंटांची कुरकुर झाली, होऊदे.

बाकी सगळं जुळलं, पैशापर्यंत. साहेबांनी तेरजेच्या खाली सही करताना पेन दोनदा झटकला, मला वाटतं त्यांना पण भरून आलेलं.

दोष दुरुस्ती अहवालात "रिस्टोअरला लागलेला कालावधी" लिहायचा होता. साहेब म्हणाले अडीच तास लिहा. मी म्हटलं नाही साहेब, सर्व्हर अडीच तास, लायसन्ससाठी दोन दिवस, दोन्ही लिहायचं. थोडी वादावादी झाली. शेवटी दोन्ही लिहिलं, आणि खाली पिग्मीचा फरक आणि वीस महिन्यांचं पण. ऑडिटर साहेबांनी १८ तारखेला वाचलं, वीस महिन्यांवर बोट ठेवून थांबले, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. लायसन्सचं मात्र त्यांनीच सुचवलं, आणीबाणीची की सॉफ्टवेअरवाल्यांकडून लेखी घेऊन ठेवा. घेतली, तीही तिजोरीत त्याच पाकिटात.

बिल आलं तेव्हा दोन्ही वेळचा मिळून खर्च ७१२ रुपये. त्यातले तीनेकशे माझ्या वेंधळेपणाचे, ८ तारखेला नवीन मशीन मोडलं पण २०० जीबीची डिस्क मागं राहिली, कारण "मशीनबरोबर डिस्क पण डिलीट कर" ही खूण तिला नव्हती. सहा दिवस ती तशीच भाडं खात बसलेली, मी सहज यादी बघितली म्हणून सापडली. मोडल्यावर डिस्कची यादी एकदा बघाच. मंजूर पंधरा हजारांतले उरलेले परत दाखवताना अण्णा म्हणाले, "ताई, आणि ते ४८ हजारवाले काय करणार होते मग?" मी म्हटलं हेच, पण एकादशीला नसतं केलं.

पुढची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवलीय, ५ ऑक्टोबर, रविवार. मामांनी ती बघितली आणि विचारलं, "म्याडम, त्या दिवशी उपास हाय का? न्हाईतर मिसळ सांगतो."